मंगळावरचं बिऱ्हाड

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते मंगळावर राहायला जाण्याबद्दल. राहायला, हं. जाऊन यायचं काय, चंद्रावरही माणूस जाऊन आला. १९६९ ते १९७२ या काळात बारा जण तिथं चालले. त्यातला सगळ्यांत लांबचा मुक्काम तीन दिवसांचा. एवढ्यात तर आपल्याकडचा पाहुणा पिशवी उघडून स्थिरावतसुद्धा नाही. जाणं वेगळं आणि नांदणं वेगळं, एवढंच आज सांगायचंय, आणि ते मला बाराव्या वर्षी एका गोगलगाईनं शिकवलं.

साल १९८४. एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले होते. शर्मा आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, त्यामुळे आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात त्यांचं कौतुक पुतण्याला नोकरी लागल्यासारखं चाललेलं. जूनमध्ये शाळा उघडली आणि विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं. तेव्हा असले प्रकल्प मुलं स्वतः करायची, बरं का. आता सूर्यमाला दुकानात तयार मिळते, वडील ती रात्री आठ वाजता घेऊन येतात आणि शनीची कडी रिक्षातच निसटते. असो.

मी ठरवलं, मंगळावरचं घर करायचं. मंगळावर बाहेरची हवा घेता येत नाही एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे घर कसं हवं, तर पूर्ण बंद. आजीची लोणच्याची काचेची बरणी माळ्यावर होती, रुंद तोंडाची, पाच-सहा लिटरची. ती न विचारता उतरवली. खाली कुंडीतली माती घातली. मंगळावर पीक जोरात यावं म्हणून तीत दोन मुठी ताजं शेण कालवलं. वर मोड आलेली मेथी पेरली. मिठाच्या वाटीत पाणी ठेवलं. आता राहायला कुणीतरी हवं. पावसाळ्याचे दिवस, चौकातल्या नळाच्या कोंडाळ्याशी गोगलगाई हव्या तेवढ्या. त्यातली एक उचलली आणि तिला हुद्दा दिला, स्क्वाड्रन लीडर. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून मेणबत्ती ओतली. घर तयार.

पहिले दोन दिवस काय रुबाब! मेथी हिरवीगार. काचेला आतून थेंब धरायचे, ओघळून मातीत जायचे, पुन्हा धरायचे. पाण्याचं चक्र, डोळ्यांसमोर. अख्खा वाडा बघून गेला. आमचे घरमालक, जे भाड्याशिवाय कशासाठी जिना चढत नसत, तेसुद्धा आले.

तिसऱ्या दिवशी मेथीनं मान टाकली. चौथ्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी, कापसासारखी. आणि स्क्वाड्रन लीडर काच चढून वर गेले, अगदी झाकणाच्या कडेला चिकटून बसले, ते हलेनात. मी वहीत लिहिलं, ‘प्रवासी विश्रांती घेत आहे.’ पाचव्या दिवशी आजी पूजेची फुलं घेऊन खिडकीशी आली, बरणीकडे बघितलं आणि म्हणाली, “विश्रांती कसली मेल्या, ते गुदमरतंय.” तिनं उलथन्यानं मेण खरवडलं, झाकण उघडलं. तो जो वास आला, तो मी सांगत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल. गोगलगाय तिनं परसातल्या अळवाच्या पानावर नेऊन ठेवली. थोड्या वेळानं तिनं शिंगं बाहेर काढली, तेव्हा आजी स्वयंपाकाला लागली.

प्रदर्शनात मी रिकामी बरणी घेऊन उभा. विज्ञानाच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, “खत काय घातलं होतंस?” म्हटलं, शेण. बाई म्हणाल्या, “मग तुझ्या घरात गोगलगाय एकटी नव्हती. त्या शेणात कोट्यवधी जिवाणू होते, आणि त्या सगळ्यांनाही श्वास घ्यायचा होता.”

ऐकलंत? घर बांधलं एका प्रवाशासाठी, राहायला आले कोट्यवधी. हवा कुणी संपवली, तर मातीनं.

आता गंमत पुढेच आहे. सात वर्षांनी, सप्टेंबर १९९१ मध्ये, अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आठ माणसं एका प्रचंड काचघरात राहायला गेली. नाव बायोस्फिअर-२. सव्वातीन एकरांच्या आसपास जागा, आत शेती, छोटं जंगल, छोटा समुद्र, आणि बाहेरची हवा बंद. दोन वर्षं राहायचं होतं. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळपास असतो, तो सोळा महिन्यांत १४-१५ टक्क्यांवर आला. चार हजार मीटरच्या डोंगरावर राहिल्यासारखं. माणसांना दम लागायला लागला, आणि शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण? पीक जोरात यावं म्हणून घातलेली भरपूर खताची माती, आणि तिच्यातले जिवाणू. ही बातमी मी वाचली तेव्हा मला शेणाचा वास आला, शपथेवर सांगतो.

त्यांच्याकडे आणखी एक भानगड होती. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेऊन परत ऑक्सिजन द्यायचा, असा हिशोब. पण बराचसा कार्बन डायऑक्साइड इमारतीच्या काँक्रीटनंच शोषून घेतला. काँक्रीट हा मुका पदार्थ आहे असं समजू नका. आपल्या गल्लीबोळांत जे चाललंय, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायचं, त्यावर मला बरंच बोलायचंय, पण आज मंगळ.

तर मंगळ. तिथली हवा विरळ, आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी दाबाची, आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढता येतो, हे तिथं फिरणाऱ्या अमेरिकेच्या ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरच्या एका यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये दाखवलं. एकूण निघाला १२२ ग्रॅम. माणसाला दिवसाला लागतो पाऊण-एक किलो. मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार, म्हणजे मेथी थेट तिथल्या मातीत पेरायची सोयच नाही.

पाण्याचं मात्र जमत आलंय. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसं अखंड राहतायत, आणि तिथं घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं. नाक मुरडू नका, ते आपल्या टँकरच्या पाण्याहून स्वच्छ असतं. पण हे स्थानक आहे कुठं, तर ४०० किलोमीटरवर. पुण्याहून नागपूर याहून लांब. काही बिघडलं तर माणसं यानात बसून खाली येतात, सुटा भाग पुढच्या खेपेला वर जातो.

मंगळाला निघायचा मुहूर्त २६ महिन्यांतून एकदा. वाटेत सहा ते नऊ महिने. निरोप एका बाजूनं पोहोचायला ३ ते २२ मिनिटं. ‘पंप बंद पडलाय’ असं कळवायचं, आणि ‘आधी स्विच बघा’ हे उत्तर पाऊण तासानं यायचं. म्हणून म्हणतो, जाणं वेगळं, नांदणं वेगळं. रॉकेट ही एसटी झाली. उतरल्यावर बिऱ्हाड थाटायचंय, आणि जवळपास वाणी नाही.

आपल्या देशानं २०३५ पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असं उद्दिष्ट ठेवलंय. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेही एनडीएचेच. अठरा दिवस राहिले. बरोबर आमरस नेला होता, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली. मला आवडलं ते वेगळंच. त्यांनी तिथं मोड आणले, मुगाला आणि मेथीला. छोट्या बश्यांत. मोड आले, फोटो काढले, आणि खाली नेऊन तपासायचे म्हणून फ्रीझरमध्ये ठेवले. शेण नाही, गोगलगाय नाही.

तुमच्याकडे कुणी नातवंडं पावसाळ्यात बंद बरणीतली बाग करणार असतील, तर माती थोडी घ्या, खत मुळीच नको, आणि जिवंत प्राणी आत घालू देऊ नका. बरणी घेण्याआधी घरात विचारा. आमच्या आजीनं ती तीनदा चिंचेनं घासली, उन्हात ठेवली, पण लोणचं तीत पुन्हा घातलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तीत धुण्याचा सोडा होता.

नमस्कार.