हुकनं पाहिलेल्या रिकाम्या खोल्या

श्रोतेहो, नमस्कार.

बाटलीचं बूच कधी बोटांत धरून दाबून पाहिलंय? दाबलं की दबतं, सोडलं की पुन्हा फुगतं. पाण्यावर तरंगतं, आणि वजन म्हणाल तर जवळजवळ नाहीच. असं का होत असेल, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाला पडला. पेशीचा शोध लागला तो या प्रश्नापायी.

हुकनं चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढुरका, म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला, भिंगानं त्यावर उजेड एकवटला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पाहतो तर मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे! मला हुक आवडतो तो यापुढच्या कामासाठी. त्यानं ते कप्पे मोजायला घेतले. इंचाच्या अठराव्या भागात साठ, म्हणजे इंचभर लांबीत १०८०. मग एका घन इंचात किती? १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. बुचाचं कोडं सुटलं: इवल्याशा भिंती आणि आत कोंडलेली हवा. १६६५ साली हे त्यानं चित्रांसह छापलं आणि त्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं. सेल म्हणजे छोटी खोली. आपण त्याला पेशी म्हणतो.

पण श्रोतेहो, त्या खोल्या रिकाम्या होत्या. बूच ही झाडाची मेलेली साल. त्यातलं जिवंत सगळं कधीच संपलेलं, मागे उरल्या त्या भिंती. ओल्या, हिरव्या वनस्पतींत हुकला कप्प्यांमध्ये रस दिसला होता. पण ही रस वाहून नेणारी व्यवस्था असावी, असं त्याला वाटलं. त्यानंतर काही वर्षांतच हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुक नावाच्या कापड व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाण्याच्या थेंबातले हलणारे, पळणारे जीव पाहिले. ते अख्खे जीव म्हणजे एकेक पेशी होती, हे मात्र त्याच्याही ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

भिंतीवरची नजर आत वळायला फार काळ गेला. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊननं ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्याला केंद्रक हे नाव दिलं. मग १८३८ मध्ये श्लायडेननं वनस्पतींबद्दल आणि पुढच्याच वर्षी श्वाननं प्राण्यांबद्दल सांगितलं, की सगळं शरीर पेशींचंच बनलेलं आहे. प्राण्यांच्या पेशीला तर हुकनं पाहिली तशी भिंतच नसते! तिच्याभोवती असतं ते प्रद्रव्यपटल, मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकं पातळ. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, याचा निवाडा इथं होतो. वनस्पतीच्या पेशीला हे पटल असतंच, शिवाय वरून सेल्युलोजची भित्तिका.

हे स्वतः पाहायचं असेल तर प्रयोगशाळेत गालाच्या आतल्या बाजूवरून स्वच्छ काडी हळूच फिरवा. काडीला लागलेलं काचपट्टीवर पसरा आणि मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब टाका. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट निळे, वेडेवाकडे तुकडे दिसतील. काहींच्या कडा दुमडलेल्या असतील. प्रत्येकाच्या मध्याजवळ एक गडद निळा ठिपका. तेच केंद्रक. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला, तर तो सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो जवळजवळ सगळा त्या ठिपक्यात गुंडाळलेला असतो. उरलेला थोडासा असतो तंतुकणिकांत. अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या या कणिका आणि प्रथिनं घडवणारे रायबोसोम केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या दाटसर द्रवात असतात, पण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते नीट दिसत नाहीत. रायबोसोम दिसायला तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

एक प्रश्न मात्र श्लायडेन-श्वान यांनाही सुटला नव्हता. नवी पेशी येते कुठून? भोवतालच्या द्रवातून स्फटिकासारखी ती तयार होत असावी, असं त्यांना वाटे. रेमाकनं पेशी दुभंगताना प्रत्यक्ष पाहिली, आणि १८५५ मध्ये फिर्खोनं ठाम मांडलं की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते. काडीवर आलेली तुमच्या गालाची पेशीही अशीच, एकीतून दुसरी करत, तुम्ही ज्या एका फलित पेशीपासून घडलात तिथून आलेली. आणि तुम्ही सूक्ष्मदर्शकात डोकावत असताना गालात तिची जागा घेणाऱ्या पेशी खालच्या थरात तयार होतच असतात.