सोडा, स्लॅग आणि पहिला दिवस

(दृश्य: साच्यात भरलेला करडा लगदा. सिमेंट किती घट्ट झालं ते मोजणाऱ्या विकॅट उपकरणाची सुई त्यावर टेकते आणि थेट तळाला जाते.)

हे सिमेंट काल सकाळी कालवलं. चोवीस तास झाले, तरी सुई लोण्यात शिरावी तशी आत जातेय. नखानं दाबलं की खूण उमटते. साधं पोर्टलंड सिमेंट असतं, तर एव्हाना साचा उघडून ठोकळा बाहेर काढला असता.

यात पोर्टलंड सिमेंट कणभरही नाही. आहे ती लोखंडाच्या झोतभट्टीतली स्लॅग, म्हणजे धातूपासून वेगळी झालेली मळी, आणि धुण्याचा सोडा, म्हणजेच सोडियम कार्बोनेट.

(दृश्य: भट्टीतून वाहणारी लालभडक स्लॅग, तिच्यावर पाण्याचा मारा.)

सुमारे 1500 अंश सेल्सिअसची ही वितळलेली स्लॅग पाण्यानं एकदम थंड केली, की तिला स्फटिक बनवायला सवड मिळत नाही. तिची काच होते. दळून पीठ केलं, तरी नुसत्या पाण्यात ती जवळपास निपचित पडून राहते. तिला जागं करायला अल्कली लागते. बेल्जियममध्ये पर्डन या संशोधकांनी 1940 साली हे मांडलं. पुढे कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी त्यावर काम उभं केलं, आणि सोव्हिएत संघात अशा काँक्रीटच्या इमारतीही उभ्या राहिल्या.

कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) किंवा वॉटरग्लास (सोडियम सिलिकेटचं द्रावण) घातलं तर स्लॅग झटकन जागी होते. वॉटरग्लासचं मिश्रण तर कधी कधी ओतायलाही वेळ देत नाही. पण ही दोन्ही द्रावणं अंगावर उडाली तर इजा करतात, आणि ती बनवायला ऊर्जाही बरीच लागते. सोडा त्या मानानं सौम्य, खाणीतूनही निघतो. म्हणून मला सोड्याची बाजू सोडवत नाही. अडचण आहे ती पहिल्या काही दिवसांची.

(दृश्य: उष्णतामापकाचा आलेख, लगद्यातल्या अभिक्रियेतून सुटणारी उष्णता दाखवणारा. सुरुवातीला छोटा उंचवटा, मग लांबलचक सपाट रेघ.)

या सपाट रेघेत काय चाललंय ते बघा. सोड्याच्या द्रावणाचा सामू साडेअकराच्या आसपास असतो. काच विरघळते, पण हळू. तिच्यातून जे कॅल्शियम सुटतं, ते कार्बोनेट वाटेतच पकडतं. त्याचं कॅल्साइट होतं, गेल्युसाइट होतं; दोन्ही कार्बोनेटचीच खनिजं. ताकद देणारा कॅल्शियम-सिलिकेटचा चिकट जेल बनायला कॅल्शियम उरतच नाही. कार्बोनेट संपत आलं, की द्रावणात हायड्रॉक्साइड वाढतं, सामू चढतो आणि मग आलेख उसळी घेतो. तोवर कित्येकदा काही दिवस उलटलेले असतात.

म्हणजे स्लॅग आळशी नाही, वाट अडलेली आहे. हे एकदा लक्षात आलं, की उपायही दिसतो: कार्बोनेट लवकर बाजूला काढा.

चुना हे काम करतो. सोड्याशी त्याची गाठ पडली, की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि मिश्रणातच कॉस्टिक सोडा तयार होतो. मात्र चुना जास्त झाला, तर लगदा हातातच आवळतो.

त्याहून देखणा उपाय ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यासला: भाजलेलं हायड्रोटॅल्साइट. हे मॅग्नेशियम असलेलं, पापुद्र्यांचं खनिज. भाजलं, की पापुद्र्यांमधलं पाणी आणि कार्बोनेट उडून जातं आणि रचना ढासळते. सोड्याच्या पाण्यात पडलं, की ते कार्बोनेट ओढून घेत आपले पापुद्रे पुन्हा रचतं, आणि बदल्यात हायड्रॉक्साइड सोडतं. एकाच झटक्यात अडथळा कमी, सामू वर! स्लॅगमधल्या मॅग्नेशियममुळे याच घराण्यातलं खनिज आपोआपही बनतं, म्हणून जास्त मॅग्नेशियमची स्लॅग सोड्याबरोबर मुळातच लवकर जागी होते. स्लॅग निवडताना हे आधी बघायला हवं.

उष्णतेचा मार्गही आहे. कारखान्यात ओतलेल्या ठोकळ्यांना 60 अंशांची ऊब दिली, तर सुरुवातीची ताकद भराभर येते. पण घाईत बनलेला जेल कणांभोवतीच दाट साचतो, आणि पुढची वाढ मागे पडू शकते. स्लॅग आणखी बारीक दळली तरी वेग येतो. त्याचं मोल विजेत चुकवावं लागतं.

(दृश्य: दुसरा साचा. तीच स्लॅग, तोच सोडा, सोबत थोडं भाजलेलं हायड्रोटॅल्साइट.)

हाही काल सकाळचाच. सुई खाली येते, टेकते. आत जात नाही. साच्याचे स्क्रू सैल होतात, बाजू सुटतात. ठोकळ्याच्या चारी कडा शाबूत आहेत. आता तो दाबयंत्राखाली जाईल.