कॅप्टनची गवती हॅट

मंडळी, ‘अमेरिकेच्या इतिहासातली माणसं आणि वळणं’ असा भारदस्त विषय मला दिलाय. वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट ही नावं तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहेत. त्यामुळे आज मी सुरुवात करतोय एका हॅटपासून. साधी गवती हॅट. ‘प्लँटर’ नावाच्या आगबोटीच्या कॅप्टनची.

साल १८६२. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एकीकडे, उत्तरेचं केंद्र सरकार दुसरीकडे, असं यादवी युद्ध सुरू होऊन वर्ष झालंय. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन बंदर दक्षिणेच्या ताब्यात आणि बाहेर समुद्रात उत्तरेच्या युद्धनौकांनी नाकेबंदी केलेली. ‘प्लँटर’ मुळात कापूस वाहणारी बोट. आता ती तोफा आणि दारूगोळा वाहत होती. तिचं सुकाणू रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या गुलामाच्या हातात. बंदरातली प्रत्येक खाडी, प्रत्येक उथळ जागा त्याला पाठ. आपल्या कोकणात असता तर लोकांनी त्याला तांडेल म्हटलं असतं. तिथे ‘पायलट’ हा हुद्दा मात्र गोऱ्यांसाठी राखीव होता. काम तेच, पण गुलामाला हुद्दा नाही. आपल्याला हे काही फार परकं वाटू नये.

स्मॉल्सचा जन्म ब्यूफर्ट गावात, मालकाच्या घरामागच्या खोपटात. बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्स्टनला कामाला लावलं. घाम याचा, पगार मालकाच्या खिशात. पुढे हॉटेलात काम करणाऱ्या हॅनाशी लग्न झालं, मुलं झाली. हॅनाही गुलामच, आणि तिचा मालक वेगळा. बायको आणि मुलगी विकत घ्यायची तर किंमत आठशे डॉलर. याच्या गाठीला शंभर. उरलेले सातशे जमेपर्यंत मालक त्यांना दुसऱ्या कुणाला विकणार नाही, याची खात्री कुणी द्यायची?

१२ मेच्या रात्री बोटीवरचे गोरे अधिकारी नियम मोडून घरी झोपायला गेले. बोट लष्करी मुख्यालयाच्या धक्क्याला, पहारेकरी हाकेच्या अंतरावर. पहाटे तीनच्या सुमाराला गुलाम खलाशांनी बॉयलर पेटवला. पहारेकऱ्याला वाटलं, निघाली असेल बोट रोजच्या कामाला. दुसऱ्या धक्क्यावर बायका-मुलं लपून थांबली होती, त्यांना घेतलं. एकूण सोळा जीव. पकडले गेलो तर बोट बुडवायची, आणि ती लवकर बुडली नाही तर हातात हात घालून पाण्यात उड्या घ्यायच्या, हे आधीच ठरलेलं.

बंदरातून बाहेर पडायचं तर फोर्ट सम्टरच्या तोफांखालून जावं लागे. युद्धाची पहिली लढाई झाली तो हाच किल्ला. उजाडायला थोडाच वेळ होता. स्मॉल्सने कॅप्टनची हॅट डोक्यावर ओढली आणि त्याच्याच ढबीत, हाताची घडी घालून उभा राहिला. संकेताची शिट्टी त्याने शेकडो वेळा ऐकली होती, तीच वाजवली. किल्ल्याने बोट जाऊ दिली. किनाऱ्यावरून दिसत होती ती हॅट, आणि हॅटखाली गोरा माणूसच असणार हे बघणाऱ्याने गृहीत धरलेलं!

तोफांचा पल्ला संपल्यावर दक्षिणेचं निशाण उतरवून हॅनाने आणलेली पांढरी चादर वर चढवली. समोर उत्तरेची ‘ऑनवर्ड’ तोफा रोखून तयार. चादर दिसायला आणखी थोडा उशीर झाला असता तर आज हे व्याख्यान झालं नसतं. बोटीबरोबर तोफा आल्या, संकेतांचं पुस्तक आलं, आणि त्याहून मोलाची बातमी आली: चार्ल्स्टनजवळच्या कोल्स बेटावरचं लष्करी ठाणं दक्षिणेने सोडलंय. बक्षिसात स्मॉल्सच्या वाट्याला पंधराशे डॉलर आले. बायको-मुलीच्या किमतीच्या जवळपास दुप्पट. पण आता त्यांना विकत घ्यायची गरजच नव्हती.

आता तारखा बघा. बोट पळाली १३ मेला. १९ मेला लिंकनने काय केलं? त्या भागातल्या गुलामांना मुक्त करणारा, आपल्याच सैन्यातल्या जनरल हंटरचा हुकूम रद्द केला! मुक्तीचा जाहीरनामा निघाला १ जानेवारी १८६३ला. लिंकनला कमी लेखायचा माझा हेतू नाही. गुलामगिरी असूनही उत्तरेसोबत राहिलेली सीमेवरची राज्यं हातची जातील ही त्याची भीती खरीच होती. पण आपण शाळेत शिकतो, लिंकनने गुलाम मुक्त केले. कागद वॉशिंग्टनमध्ये तयार होत होता तेव्हा हजारो गुलाम आपल्या पायांनी उत्तरेच्या छावण्यांत येऊन उभे होते. त्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्यांनीच सरकारपुढे टाकला. १८६२च्याच ऑगस्टमध्ये स्मॉल्सला पाद्री मॅन्सफील्ड फ्रेंच यांच्यासोबत वॉशिंग्टनला पाठवलं गेलं, आणि युद्धमंत्री स्टँटनने पाच हजार काळे सैनिक भरती करायची परवानगी दिली. युद्ध संपेपर्यंत हा आकडा सुमारे १,८०,०००वर गेला.

पुढे ज्या घरामागे जन्मला ते घर स्मॉल्सने कर थकल्यामुळे झालेल्या लिलावात घेतलं. घराच्या आधीच्या मालकाच्या बाजूने दावा लावला गेला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७८मध्ये निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. गुलामाला अक्षर शिकवणं तिथे गुन्हा होता, त्यामुळे हा माणूस लिहा-वाचायला शिकला तोच मोठेपणी. साउथ कॅरोलायना राज्याच्या १८६८च्या घटना परिषदेत त्याने आग्रह धरला तो कशाचा? सर्वांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा. पुढे राज्याच्या सिनेटमध्ये आणि मग पाच वेळा वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात गेला.

इथे पुण्याचा धागा जुळतो. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. तेव्हा स्मॉल्स राज्याच्या सिनेटमध्ये होता. जोतीरावांना जे कौतुक वाटलं ते डोळ्यांसमोर उभं होतं. पण चारच वर्षांत केंद्राने दक्षिणेतल्या काळ्यांना असलेला आपल्या फौजेचा आधार काढून घेतला. त्याच साली स्मॉल्सवर लाचखोरीचा खटला चालून शिक्षा झाली. दोन वर्षांनी माफी मिळाली, तीही राजकीय देवघेवीत. उलटं वळण असं लागतं, एकेक माणूस बाजूला काढत.

१८९५मध्ये राज्याने नवी घटना लिहायला घेतली. हेतू उघड होता: काळ्यांचा मताधिकार काढणं. मतदाराला वाचता-लिहिता यावं, नाहीतर त्याच्याकडे तीनशे डॉलरची मालमत्ता हवी. १६० प्रतिनिधींत काळे सहा, त्यांत स्मॉल्स. मिश्रविवाहबंदीचं कलम आलं तेव्हा त्याने शांतपणे उपसूचना मांडली: काळ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्याला सरकारी पद मिळू नये. सभागृहात किती जणांनी खाली बघितलं असेल, तुम्हीच कल्पना करा. उपसूचना अर्थातच फेटाळली गेली.

शेवटी सह्यांची वेळ आली. सही न करणाऱ्यांना प्रवासखर्च मिळणार नाही, अशी सूचना पुढे आली. स्मॉल्स म्हणाला, मी ब्यूफर्टला चालत जाईन. सही त्याने केली नाही.