टेबल क्रमांक तीनचा डावा हात

(राजवाडा, सकाळ. पोह्यांच्या गाड्या. मग मेडिकल कॉलेजचा व्हरांडा.)

इंदूर. पोहे-जिलबी आटोपून पहिल्या वर्षाची पोरं डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उलगडून शरीररचना शिकतात तिथे, हजर. देह टिकवणाऱ्या फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात.

(टेबल. डावा हात, तळवा वर.)

कातडी आधीच सोलून झाली आहे. आज कोपराच्या पुढचा खळगा. आधी चरबी काढायची. पिवळी, चिकट, चिमट्याच्या टोकानं कणाकणानं सुटणारी. इथे घाईत ब्लेड चालवलं की सर ओरडलेच समजा. चरबीखाली दंडाच्या स्नायूपासून निघालेला पांढरा पापुद्रा, आणि तो बाजूला सारला की ब्रेकियल, म्हणजे दंडाची मुख्य धमनी. रेडियस हाडाच्या मानेसमोर तिचे दोन फाटे व्हायचे: अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अल्नर.

(क्लोजअप. चिमटा थांबतो.)

"सर, रेडियल सापडत नाहीये."
"वर जा. काखेकडे शोध."

दंडाच्या वरच्या भागातच ती वेगळी झालेली. बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, मूळ धमनीच्या सोबतीनं खाली उतरून सरळ मनगटाकडे निघालेली. फोटोत नीट दिसावी म्हणून सर तिच्याखाली हिरव्या कागदाची पट्टी सरकवतात.

हा काही आजार नाही. गर्भातल्या हाताला सुरुवातीला मधोमध एकच मुख्य धमनी असते. मग कोपराखाली मधोमध उतरणारी मीडियन धमनी पुढे येते. रेडियल आणि अल्नर जोर धरल्या की ती बहुधा आटते. या घडामोडीत एखादा जुना मार्ग टिकून राहतो. शंभर हातांत दहा-पंधरा हातांची रेडियल अशी वरून निघते. मीडियनचं तर आणखी नवल. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलं, की 1880 च्या दशकात जन्मलेल्यांपैकी सुमारे 10 टक्के प्रौढांत ती टिकलेली असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि हे मोजलं कशावर? जुन्या अभ्यासांच्या नोंदींवर आणि दान केलेल्या देहांवर.

(कॅथ लॅब, हृदयाच्या धमन्या तपासायची खोली. मनगटावर पट्टी.)

मनगटातून अँजिओग्राफी करताना तार अडते ती कधीकधी रेडियल अशी वरून निघाल्यामुळेच. आणि अल्नर कातडीलगत असली तर शीर समजून तिच्यातच इंजेक्शन जाण्याची भीती.

(रामबागेतलं घर. भिंतीवर काकांचा फोटो.)

काकांनी देहदान केलं. आता काकूंचा फॉर्म.

"अरे, साक्षीदार घरचाच हवा म्हणतात. कर ना सही."

पुतण्या पेन हातात घेऊन बसलाय.

(पुतण्याचा चेहरा. निवेदन नाही.)

फॉर्म भरला तरी मृत्यूनंतर कॉलेजला फोन घरच्यांनीच करायचा असतो, आणि तोही लवकर. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. देह कॉलेजला देण्याआधी नेत्रदान मात्र करता येतं.