मचाणावरची जागा

वैशाख पौर्णिमा जवळ आली की नागपुरातल्या जंगलवेड्यांमध्ये एकच विचारणा सुरू होते: यंदा मचाण मिळालं का?

४४-४५ अंशांच्या उन्हात जंगलातले झरे आटतात. जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यात त्यांच्या नोंदी करायला वनविभाग तुमच्याआमच्यासारख्यांनाही मचाणावर बसवतो. रात्रभर. बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही.

जागा मोजक्याच असतात आणि त्या मोजक्याच असाव्यात. फुटाळा तलावावरची गर्दी जंगलाला सोसणार नाही. पण त्या मोजक्या जागा कोणाला मिळतात?

एका वर्षी बुकिंग उघडायच्या आधीच मी नागपूरच्या महाल भागातल्या घरी मोबाईल घेऊन बसलो. शेजारी बाबा, हातात दोघांची आधारकार्डं. नावं भरेपर्यंत पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. परत उघडलं तर सगळं फुल्ल. बाबा म्हणाले, "राहू दे रे, पुढच्या साली पाहू." मचाणावर लागतो धीर, आणि निवड झाली बोटांच्या वेगावर. हे मला आजही खुपतं.

अमेरिकेत रानवाटा तुडवणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला हाफ डोम हा उंच खडक पोलादी दोर धरून चढायचा असतो आणि तिथे दिवसाला साधारण ३०० जणांनाच सोडतात. अर्ज मार्चभर घेतात. १ तारखेला भरा की ३१ ला, संधी सारखीच, कारण नंतर सोडत निघते. ॲरिझोनातल्या 'द वेव्ह' या खडकांकडे दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं जातात: ४८ चार महिने आधीच्या सोडतीतून, १६ ऐनवेळच्या. ऐनवेळचा अर्ज भरताना तुमचा मोबाईल त्याच परिसरात असावा लागतो. हाफ डोमच्या अर्जाला १० डॉलर पडतात, नंबर लागो न लागो. ते मला पटत नाही.

पहिला येईल त्याला जागा देण्यातली खरी मेख रद्द होणाऱ्या जागांत आहे. एजंट आधी कुठल्याही नावानं जागा अडवतो. गिऱ्हाईक सापडलं की ती रद्द करतो आणि त्याच क्षणी गिऱ्हाईकाच्या नावावर परत घेतो. ऑनलाइन बुकिंगमधल्या या काळ्या बाजारावर २०२१ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी उपाय मांडला: अर्ज गोळा करा, चिठ्ठ्या टाका, आणि रद्द झालेली जागा लगेच खुली न करता पुढच्या चिठ्ठ्यांत घाला. मग ती एजंटाच्याच हाती परत येईल याची खात्री उरत नाही आणि अडवून ठेवण्यातला नफाच जातो. जोडीला एका ओळखपत्रावर एकच अर्ज हवा, नाहीतर खोट्या नावांचा ढीग पडेल.

सोडत आपल्याला नवी नाही. म्हाडाचं घर, आरटीईच्या २५ टक्के जागा, निवडणुकीत समसमान मतं पडल्यावरची ईश्वरचिठ्ठी. नंबर लागला नाही की वाईट वाटतंच, पण त्या क्षणी आपलं नेट बसलं म्हणून हुकलं, असं कोणाला म्हणावं लागत नाही. मचाणाच्या अर्जाला आठ दिवस मिळाले तर शेजारच्या पोराच्या फोनवरूनही भरता येतो.

बाबा आता ६८ वर्षांचे आहेत. मचाणाची शिडी अजून चढू शकतात.