रुईच्या गाठीमागचा सिलिंडर

(दृश्य : मे महिन्यातील दुपार. विदर्भातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील बंद प्रेस.)

रुईची एक गाठ साधारण 170 किलोची असते. सरकी वेगळी होऊन जिनमधून बाहेर पडलेली तेवढीच रुई मोकळी पसरली, तर तिचा ढीग माणसाच्या डोक्यावर जाईल. या ढिगाला पट्ट्यांनी आवळता येईल इतके दाबून धरण्याचे काम प्रेसमधील हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने आतला दट्ट्या (पिस्टन) आणि त्याला जोडलेला दांडा (रॉड) ढकलणारी नळी, करतो. हंगामात त्याला उसंत नसते, आणि तो थांबला की मागच्या सगळ्या जिनही थांबतात. म्हणून सिलिंडरची खरी विचारपूस करायची ती आता, प्रेस थंड पडलेला असताना.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी 1795 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. दाब निर्माण करणे त्यांना फारसे जड गेले नाही. अडले ते दट्ट्याभोवतीच्या फटीपाशी. तेथील पॅकिंग आवळले तर दट्ट्या जागचा हलेना आणि सैल सोडले तर पाणी गळू लागे. यावर कातड्याची वाटीसारखी कडी बसवण्यात आली, आणि तिचे श्रेय बहुधा त्यांच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली यांना दिले जाते. आतला दाब या कडीच्या पोटात शिरतो आणि तिची कड दट्ट्यावर दाबून धरतो, त्यामुळे दाब जितका वाढतो तितकी फट अधिक घट्ट बंद होते. आज कातड्याच्या जागी पॉलियुरेथेन किंवा नायट्राइल रबर आले असले, तरी ओठाच्या आकाराचे सील (गळती रोखणारी कडी) काम करते ते याच युक्तीने. कित्येक टनांचा जोर या मऊ कडीच्या भरवशावर उभा असतो, हे सिलिंडर निवडणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

(दृश्य : कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब.)

निवडीचे मूळ गणित शाळेतले आहे : दाब गुणिले क्षेत्रफळ. 250 मिमी आतील व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे 491 चौरस सेंटिमीटर भरते. त्यात दर चौरस सेंटिमीटरला 200 किलो दाब दिला, तर सुमारे 98 टन जोर मिळतो. घर्षण आणि परतीच्या तेलाचा विरोध यांत त्यातला काही भाग खर्ची पडतो, त्यामुळे कागदावर जेमतेम पुरणारा सिलिंडर प्रत्यक्षात अपुरा पडतो.

चुका होतात त्या दाबण्याच्या बाजूला कमी आणि रॉडच्या बाजूला जास्त. पेटीत रुई ठासणाऱ्या सिलिंडरचा व्यास 100 मिमी आणि रॉड 70 मिमी आहे असे धरू. मागच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर आहे, तर रॉडच्या बाजूला, रॉडने व्यापलेली जागा वजा जाता, 40 उरते. मिनिटाला 60 लिटर तेल देणारा पंप रॉडला सेकंदाला सुमारे 13 सेंटिमीटर वेगाने पुढे नेतो आणि जवळजवळ दुप्पट वेगाने मागे आणतो. मात्र मागे येताना मागच्या बाजूचे तेल मिनिटाला सुमारे 118 लिटर या गतीने टाकीकडे ढकलले जाते. पंपाकडे पाहून 60 लिटरचाच परतीचा फिल्टर बसवणारे कमी नाहीत, आणि मग फिल्टर पुन्हा पुन्हा का निकामी होतो याचे कोडे त्यांना उलगडत नाही.

याच क्षेत्रफळांच्या फरकातून एक धोकाही उद्भवतो. रॉड पुढे जात असताना समोरच्या बाजूची वाट अडली, तर मागून दिलेला 160 बारचा (एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो) दाब पुढे 300 बारच्या वर चढतो. तेथील सील, ग्लँड (रॉड बाहेर येतो तिथले सील धरणारे झाकण) आणि होस पाइप त्यासाठी बनवलेले नसतात.

लांब स्ट्रोक (रॉडची एका वेळची धाव) असेल तर रॉड वाकण्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली, तर लांब आणि सडपातळ रॉड न वाकता पेलू शकेल असा भार एक चतुर्थांशावर येतो. याउलट रॉड 56 मिमीऐवजी 70 मिमीचा घेतला, तर तोच भार सुमारे 2.4 पट होतो. जाड रॉडसाठी मोजलेले पैसे वाया गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

(दृश्य : सिलिंडरची बसवणूक जवळून; मागचा फ्लँज (बोल्टांनी चौकटीला जोडायची रुंद कडा), ट्रनियन (सिलिंडरला झुलू देणाऱ्या, दोन्ही अंगांच्या पिना), रॉडच्या टोकाचा आय (पिन घालण्याचे भोक).)

बसवणुकीच्या सर्व पद्धतींमागे एकच नियम आहे : जोर रॉडच्या मधल्या रेषेतूनच गेला पाहिजे. सिलिंडर त्या रेषेत अफाट बळकट असतो, आणि आडव्या जोरापुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. ढकलण्याचे काम असेल तर मागचा फ्लँज योग्य ठरतो, कारण प्रतिक्रिया थेट चौकटीवर टेकते आणि बोल्टवर ताण येत नाही. ओढण्याच्या कामाला त्याच कारणाने पुढचा फ्लँज बरा. पायांवर बसवलेल्या सिलिंडरमध्ये जोराची रेषा बोल्टच्या वर राहते, म्हणून प्रत्येक स्ट्रोकला तो उलथू पाहतो. तेथे सरकण्याचा जोर पेलण्यासाठी चावी (खाचेत बसणारी धातूची पट्टी) द्यावी, आणि तीही एकाच टोकाला, कारण दाबाखाली सिलिंडर किंचित लांबतो आणि दोन्ही टोके जखडली तर ही वाढ त्याला सोसत नाही. ट्रनियनचे बेअरिंग ब्लॉक अंगाला लागून असावेत. दूर बसवले की ट्रनियनच्या पिना वाकू लागतात.

काही मिलिमीटरांची चूक रॉड आत असताना दिसत नाही. म्हणून तपासणी रॉड पूर्ण बाहेर काढून, पूर्ण आत घेऊन, अशी दोनदा करावी, आणि दोन्ही वेळा रॉडच्या टोकाची पिन हाताने सरकली पाहिजे. घण मारून पिन बसवली, तर त्याच क्षणी बुशची (आतल्या अस्तर-कडीची) झीज पक्की होते. काही महिन्यांनी रॉडच्या एकाच बाजूला चकाकती पट्टी उमटते, ग्लँडमधून तेल पाझरते, मिस्त्री सील बदलतो आणि पुन्हा तेच घडते. फाटलेल्या सीलला सगळे दोष देतात. वाकडी बसवणूक शाबूत राहते.

जिनिंगमध्ये यात रुईच्या तंतूंची भर पडते. उडणारे तंतू ओल्या रॉडला चिकटतात, वायपरच्या (रॉड पुसणाऱ्या कडीच्या) कडेखाली साचतात आणि त्यांच्यात अडकलेली धूळ हार्ड क्रोमच्या थरावर घासत राहते. टाकीच्या ब्रीदरवर (हवा आतबाहेर जाण्याच्या झाकणावर) तंतूंचा थर बसला की टाकीला श्वास घेता येत नाही आणि पंप आवाज करू लागतो. तेलातील घातक कण बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या कणांहून बारीक असतात, त्यामुळे तेल डोळ्यांना स्वच्छ दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. शिवाय पाझरलेले तेल रुईवर पडले तर गाठ डागाळते, आणि तेलाने भिजलेली रुई आगीला आमंत्रण देते.

बंद प्रेसमध्ये धरलेला भार हळूहळू खाली सरकू लागला, तर दुहेरी क्रियेच्या (दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या) सिलिंडरमध्ये बहुतेक जण पिस्टन सीलवर संशय घेतात. परंतु तेलाच्या दोन्ही वाटा पूर्ण बंद असतील, तर पिस्टन सील गळत असूनही भार थोडा सरकून थांबतो, कारण आत येणाऱ्या रॉडला जागा करून देण्यासाठी तेलाला बाहेर पडायला वाट नसते. भार सरकतच राहिला, तर सिलिंडर उतरवण्याआधी व्हॉल्व्ह तपासावा; अर्ध्या दिवसाची मेहनत वाचते.

गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार त्वचेखाली शिरते. जखम बाहेरून किरकोळ दिसली, तरी तातडीने रुग्णालयात जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. कोणताही जोड सैल करण्यापूर्वी भार ठोकळ्यांवर टेकवावा आणि दाब शून्यावर आणावा.

(दृश्य : सावलीत लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला सिलिंडर, दोन्ही पोर्टना (तेल आत-बाहेर जाण्याच्या तोंडांना) प्लग.)

सुटा काढलेला सिलिंडर रॉड आत घेऊन, तेल भरून, प्लग लावून ठेवतात, आणि विदर्भातील उन्हाळा नेमका येथे आडवा येतो. काठोकाठ भरून बंद केलेल्या तेलाचा दाब तापमानाच्या दर अंशामागे साधारण 10 बारने वाढू शकतो. सकाळी भरलेला सिलिंडर दुपारी उन्हात राहिला, तर उद्योग न करताच सील फाटण्याची वेळ येते. म्हणून आत थोडी मोकळी जागा ठेवतात आणि सिलिंडर सावलीत ठेवतात.

ही मोकळी जागा हंगामाच्या सुरुवातीला विसरून चालत नाही. आत राहिलेली हवा एकदम दाबली गेली, तर ती तापून तेलाची वाफ पेट घेते आणि सीलची कड आतून करपते. त्यामुळे पहिले काही स्ट्रोक रिकाम्या पेटीत, कमी दाबावर, सावकाश घेतले जातात. हवा निघून रॉड धक्के न देता चालू लागला की मगच दाब वाढवतात आणि पेटीत रुई सोडतात.