टोरांटोच्या बँकेतला मुंबईकर

(दृश्य: टोरांटो. बर्फातून ऑफिसला निघालेली माणसं.)

1975 साली विशीतला एक पारशी तरुण मुंबईहून टोरांटोला आला आणि बँकेत चिकटला. पदवी सेंट झेवियर्सची, गणित आणि अर्थशास्त्राची. नोकरी सांभाळून तो टोरांटो विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकला. 1983 मध्ये विद्यापीठाच्या कथास्पर्धेत त्याची कथा पहिली आली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली. हे इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार रोहिंटन मिस्त्री.

1987 च्या पहिल्या कथासंग्रहातली 'स्विमिंग लेसन्स' घ्या. मुलगा कॅनडाहून आपल्या कथांचं बाड मुंबईला पाठवतो. आईबाप वाचतात. आईला काळजी, पोरगं तिकडे सुखात नसणार, नाहीतर सारखं इथलंच कशाला लिहील? वडील समजावतात, लेखकाला जरा लांब जावं लागतं. मिस्त्रींना पुढे जो प्रश्न येणारच होता, तो त्यांनी आधीच आईच्या तोंडी घालून ठेवला.

(दृश्य: मुंबई. जुनी पारशी इमारत, कंपाउंडची भिंत.)

'सच अ लाँग जर्नी', 1991. नायक गुस्ताद नोबल, तोही बँकेतलाच. 1962 च्या युद्धात काचांवर लावलेला काळा कागद त्याने 1971 उजाडलं तरी काढलेला नाही. इमारतीची भिंत म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांची मुतारी. गुस्ताद फुटपाथवरच्या एका चित्रकाराकडून तिच्यावर सगळ्या धर्मांचे देव काढून घेतो. दुर्गंधी जाते, लोक उदबत्त्या लावू लागतात. शेवटी रस्ता रुंद करायला महापालिका भिंतच पाडते. मुंबईची नस इतकी नेमकी पकडणाऱ्या कादंबऱ्या मोजक्याच.

'अ फाइन बॅलन्स', 1995. आणीबाणी. दोन शिंपी, एक विधवा, एक विद्यार्थी. झोपड्यांवर बुलडोझर, सक्तीची नसबंदी. शहराचं नाव कुठेच नाही. आपल्याला ते सांगायची गरजही नाही. मग 2002 मध्ये 'फॅमिली मॅटर्स'. तिन्ही कादंबऱ्या बुकरच्या अंतिम यादीत पोचल्या.

2010 मध्ये मात्र मुंबई विद्यापीठाने 'सच अ लाँग जर्नी' अभ्यासक्रमातून काढली. पात्रांच्या तोंडी शिवसेनेबद्दल बोचरे उद्गार होते. सेनेच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या होत्या. पात्रांचं बोलणं लेखकाच्या नावावर मांडायचं, तर कादंबरी लिहिणार कोण? मिस्त्रींनी खरमरीत निवेदन काढलं.

2012 मध्ये त्यांना न्यूस्टाट हे आंतरराष्ट्रीय साहित्य पारितोषिक मिळालं. 'फॅमिली मॅटर्स'नंतर कादंबरी आलेली नाही. आलं ते एका कथेचं छोटं पुस्तक, 'द स्क्रीम'. तीही मुंबईतल्याच एका फ्लॅटमधली.